कर्सरला हवी रुंद वाट

मुंबईतल्या वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून निघणाऱ्या होड्यांच्या वाटेवर कोस्टल रोडचे खांब येणार होते. आराखड्यात दोन खांबांमधलं अंतर होतं ६० मीटर. कागदावर ते भरपूर वाटत होतं. पण भरतीच्या ओढीत आणि वाऱ्याच्या माऱ्यात होडी सरळ रेषेत चालत नाही, हे तांडेलांना ठाऊक होतं. त्यांनी काम अडवलं, आंदोलन केलं आणि अखेर डिसेंबर २०२२मध्ये महापालिकेनं अंतर १२० मीटर करायचं मान्य केलं. कोळ्यांची मागणी याहून जास्त होती. तरी एवढं पदरात पडलं, की वाट किती रुंद असावी हे ठरवताना होडी हाकणाऱ्यालाही विचारावं लागतं.

संगणकाच्या पडद्यावर कर्सर हाकणाऱ्याला मात्र सहसा कुणी विचारत नाही. खरं तर हे गणित जुनं आहे. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली दाखवून दिलं, की हात एखाद्या ठिकाणी नेऊन टेकवायला लागणारा वेळ दोन गोष्टींवर ठरतो : ते ठिकाण किती लांब आहे आणि किती रुंद आहे. पुढे डग्लस एंगलबार्टनं ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माउस जाहीरपणे चालवून दाखवला. १९७८मध्ये झेरॉक्सच्या संशोधकांनी हाच माउस फिट्सच्या नियमावर घासून पाहिला आणि तो उत्तम उतरला. बटण मोठं केलं की हात लवकर पोचतो, हे तेव्हापासून पक्कं आहे.

कोळीवाड्यात हा प्रश्न आता दारात आला आहे. मासेमारी नौकेची नोंदणी 'रिअलक्राफ्ट' या पोर्टलवर होते आणि परवानाही तिथेच मिळतो. किसान क्रेडिट कार्डाची सोय मच्छीमारांनाही मिळाली. आधार, बँक, पेन्शन हे तर सगळ्यांनाच आहे. जन्मभर उन्हात, खाऱ्या वाऱ्यात काम केलेल्या माणसाच्या बुबुळाकडे मांस वाढत येतं. डॉक्टर त्याला टेरिजियम म्हणतात. साठीनंतर मोतीबिंदू येतो, मधुमेह असेल तर डोळ्याचा पडदा बिघडतो. दोर ओढून बोटं आखडलेली असतात. असा नाखवा पडद्यासमोर बसला की शेजारचा पोरगा म्हणतो, "बाबा, तुम्हाला नाय जमायचं, सरका." बाबा सरकतात. पासवर्ड पोराकडे जातो आणि त्याच्या मागोमाग बँकेचा व्यवहारही.

हे बाबा अंध नव्हेत, पण त्यांची नजर धडही नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून २१ केले; त्यात 'अल्पदृष्टी' वेगळी मोजली जाते. उत्तम चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ ते ३/६०च्या दरम्यान राहिली, तर ती अल्पदृष्टी. म्हणजे धड डोळ्याला १८ मीटरवरून दिसणारं अक्षर वाचायला या माणसाला सहा मीटरवर किंवा त्याहूनही जवळ यावं लागतं. २०११च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले, त्यांत दृष्टीचे सुमारे ५० लाख. ज्यांनी स्वतःला कधी दिव्यांग मानलंच नाही, पण ज्यांना फॉर्म वाचता येत नाही, असे आजी-आजोबा या हिशेबात कुठून येणार?

मुंबईत दृष्टिबाधितांसाठीच्या कामाची परंपरा मोठी आहे. दादरची अंध शाळा १९००मध्ये अ‍ॅना मिलार्ड यांनी सुरू केली, ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल १९०२ची. १९५२मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचं कार्यालय कोळीवाड्याजवळच, वरळी सी फेसवर आहे. झेवियर्स महाविद्यालयातलं दृष्टिबाधितांसाठीचं केंद्र २००३पासून चालतं. ब्रेल, बोलकी पुस्तकं, पडदा वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर यांचं शिक्षण अशा संस्थांनी दिलं. त्यांपैकी २००६मध्ये एका अंध ऑस्ट्रेलियन तरुणानं सुरू केलेलं 'एनव्हीडीए' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि मराठीही वाचतं. मात्र अर्धीमुर्धी नजर असलेला माणूस या दारांपर्यंत जातच नाही. 'मी कुठं आंधळा आहे?' असं त्याला वाटतं.

त्याला लागणारी बरीचशी सामग्री त्याच्या समोरच्या यंत्रातच असते. विंडोजची कळ धरून 'यू' दाबा, 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'चं पान उघडतं. विंडोज ११मध्ये अक्षरं २२५ टक्क्यांपर्यंत वाढतात. कर्सरचा आकार एकपासून पंधरापर्यंत नेता येतो, रंग काळा, पिवळा, हवा तो देता येतो. विंडोजची कळ आणि अधिकचं चिन्ह दाबलं की भिंग सुरू होतं. हात फार थरथरत असेल तर कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांनीच कर्सर चालवता येतो. पाच म्हणजे क्लिक. ही सोय विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरमधल्या कामातून आली आणि विंडोज ९५पासून यंत्रात आहे.

डबल-क्लिकच घ्या. विंडोज मूळ मांडणीत दोन क्लिकांसाठी अर्धा सेकंद देते. शिवाय त्या अर्ध्या सेकंदात कर्सर फारसा हलता कामा नये. कंप असलेल्या हाताची पहिली क्लिक पडते, माउस सरकतो, दुसरी पडते तोवर फाइल उघडण्याऐवजी जागची हलते. माणूस पुन्हा मारतो, आणखी जोरात. उपाय दोन : माउसच्या सेटिंगमध्ये डबल-क्लिकचा वेग कमी करायचा, किंवा एकदा क्लिक करून सरळ एंटर दाबायचा.

मराठी वाचणाऱ्याची अडचण आणखी वेगळी. बारीक अक्षरात घ आणि ध, भ आणि म, थ आणि य एकमेकांत मिसळतात. अनुस्वार तर शिरोरेषेवरच्या धुळीसारखा दिसतो. इंग्रजी जिथे कसंबसं वाचता येतं, त्याच आकारात मराठी वाचवत नाही, कारण आपल्या लिपीला वर वेलांटी आणि खाली उकार यांना जागा लागते. गंमत अशी, की अक्षर मोठं केलं की इंग्रजीच्या मापानं आखलेल्या बटणात वेलांटीचं डोकं आणि उकाराचे पाय कापले जातात. म्हणून पोर्टल बनवणाऱ्यानं ते मराठीत, मोठ्या अक्षरांत स्वतः उघडून पाहायला हवं.

सगळ्यांना एकच मात्रा लागू पडेल, असंही नाही. मोतीबिंदू असलेल्याला पांढऱ्या पडद्याचा उजेड खुपतो, त्याला काळ्यावर पांढरी अक्षरं बरी. अ‍ॅस्टिग्मॅटिझम असलेल्या अनेकांना नेमकी तीच अक्षरं पसरलेली दिसतात. नजरेचा मध्य गेलेल्याला मोठं अक्षर तारतं. काचबिंदूनं नजर आक्रसलेल्याला तेच मारक, कारण शब्द नजरेच्या चौकटीबाहेर जातो. कंप असेल तर कर्सर सावकाश हवा, मनगट आखडलं असेल तर चपळ. सेटिंगचा आकडा दुसऱ्यानं परस्पर ठरवून भागत नाही. समोर बसवून, विचारत विचारत तो लावावा लागतो, डोळ्यांचे डॉक्टर भिंग बदलून 'आता कसं दिसतं?' विचारतात तसा.

कायदा आता या बाजूचा आहे. सर्वोच्च न्यायालयानं ३० एप्रिल २०२५च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. अ‍ॅसिडहल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या व्यक्तीला केवायसीसाठी डोळे मिचकावून दाखवायला सांगितलं जात होतं, त्यातून हे प्रकरण उभं राहिलं. न्यायालयानं वीस निर्देश दिले. वेबसाइटसाठी आंतरराष्ट्रीय मापही ठरलेलं आहे : साध्या आकाराच्या अक्षराचा आणि पार्श्वभूमीचा उठाव किमान ४.५ ला १ हवा. फिकट करड्या अक्षरांतले फॉर्म या मापात नापास होतात.

निकालाचा अंमल व्हायला वेळ लागेल. सेवा केंद्रातलं यंत्र मात्र आजच बदलता येतं. सामाईक संगणकावर एक वेगळं खातं काढावं : मोठी अक्षरं, मोठा कर्सर, सावकाश डबल-क्लिक. त्याची पाटी काउंटरवर मराठीत लावावी. मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात, बँकेत, वाचनालयात हेच करता येईल, खर्च शून्य. आणि घरी दिवाळीला सगळे जमतील, तेव्हा आजोबांचा फॉर्म भरून देण्याआधी त्यांची खुर्ची पडद्यासमोर ओढावी, अक्षर एकेक पायरी वाढवत न्यावं आणि 'बस्स, इथं थांब' हे त्यांना म्हणू द्यावं. पासवर्डही त्यांचा त्यांनाच टाकू द्यावा.