ट्रॅक्टरचे बाहेरून बसविलेले हेडलाइट का बंद पडतात?



गळीत हंगाम सुरू झाला की उसाची निम्मी वाहतूक रात्रीची. दोन ट्रेलर भरून निघालेल्या ट्रॅक्टरचा एक हेडलाइट बंद असला, की समोरच्याला ती मोटारसायकल वाटते आणि तो पुरेशी बाजू देत नाही. पुढे काय होते ते सांगायला नको. गाडीतळावर फेरी मारताना असे एकडोळे ट्रॅक्टर आम्हांस रोज भेटतात. चालकाला विचारावे तर उत्तर ठरलेले, "कालच नवा बल्ब टाकला, पण माल डुप्लिकेट निघाला." माल हलका असतोही. परंतु पुष्कळदा दोष दिव्यात नसतो, दिव्यापर्यंतच्या वाटेत असतो. ती वाट तशीच ठेवून बल्ब बदलत राहिले तर फायदा दुकानदाराचाच.

पहिली गोष्ट अर्थिंगची. बाजारातला दिवा बसविताना काळी वायर मडगार्डच्या किंवा बंपरच्या बोल्टाखाली दाबतात. तेथे खाली रंग असतो, वर चिखल आणि पाचटाची धूळ. मग दिवा मिणमिणतो, किंवा डिप्पर मारला की भलताच दिवा लुकलुकतो. वीज परतीची वाट शोधत दुसऱ्या दिव्यातून जाते, याची ती खूण.

आता मीटरविषयी. येथे चांगले जाणते लोकही फसतात. होल्डर काढून मीटर लावला, १२ व्होल्ट आले, म्हणजे वायर ठीक, असे धरून चालतात. ते चूक आहे. ठिबकच्या लाइनीत कचरा अडकला असला तरी पुढचा व्हॉल्व्ह बंद असताना गेज पूर्ण दाब दाखवतो. व्हॉल्व्ह उघडला की दाब पडतो. वायरचेही तसेच. सगळे धागे तुटून एकच उरला असला तरी नुसता मीटर १२ दाखवील. म्हणून तपासणी दिवा जोडून आणि चालू ठेवूनच करावी. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरे दिव्याच्या अर्थच्या पिनेवर धरा. आकडा शून्याच्या जवळ हवा. पाव-अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थिंग खराब. मग बॅटरीचे पॉझिटिव्ह आणि दिव्याची चालू पिन यांत तसेच बघा. अर्ध्या व्होल्टाहून जास्त आले तर स्विच, जोड, फ्यूजची बैठक, यांपैकी कोठेतरी खाते आहे. एकेक टप्पा मोजत गेले की जागा सापडते. दाब दहा टक्के घटला तर फिलामेंटच्या बल्बचा उजेड सुमारे एक तृतीयांश घटतो, म्हणून हे थोडके व्होल्ट थोडके समजू नयेत.

होल्डर वितळणे ही दुसरी नेहमीची तक्रार. एच-४ बल्ब मुळात ६०/५५ वॅटचा, म्हणजे सुमारे ५ अँपियर. उजेड वाढावा म्हणून १००/९० वॅटचा टाकला की ८ अँपियरच्या वर प्रवाह जातो, आणि ढिल्या पिनेत उष्णता जवळजवळ पावणेतीनपट होते. होल्डर वितळणार नाही तर काय! शिवाय रस्त्यावर असा बल्ब कायद्याला धरून नाही. त्यापेक्षा ६०/५५ चाच बल्ब ठेवून रिले बसवावा. बॅटरीवरून १५ अँपियरचा फ्यूज, तेथून अडीच चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० नंबरवर, ८७ वरून दिव्यांस. जुन्या स्विचची वायर ८६ वर आणि ८५ ला अर्थ. अप्पर व डिप्परला वेगळे रिले लागतात. स्विचवरचा भार गेला की त्याच बल्बचा उजेड वाढलेला दिसतो. फ्यूज बॅटरीजवळच हवा. उडाला म्हणून तारेचा तुकडा घालू नका. वर पाचट आणि खाली डिझेल आहे, हे ध्यानात असू द्यावे.

दोन्ही बल्ब वारंवार उडत असतील तर इंजिनाची गती वाढवून बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.४ ठीक, १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला आहे. हॅलोजन बल्बच्या काचेला तेलकट बोट लावू नये, तेथेच काच तापून बल्ब जातो.

एलईडीचे थोडे निराळे. त्यात आतला ड्रायव्हर उष्णतेने जातो. मागचा पंखा धुळीने अडकला किंवा काचेत बाष्प दिसले, की समजावे. लुकलुकत असेल तर आधी वर सांगितल्याप्रमाणे जोड तपासा. जोड ठीक असूनही लुकलुकत राहिला तर दिवा बदला, तो शेतावर दुरुस्त होत नाही. खोक्यावरच्या वॅटवर जाऊ नका. आणि फिलामेंटसाठी घडविलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब खुपसला तर उजेड वर फाकून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आपल्याला लख्ख वाटते, पण समोरून येणारा बहुधा आपलाच कोणी सभासद असतो.

कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी, मोजण्यापुरती जोडावी. ट्रेलरच्या मागील दिव्यांविषयी पुढील अंकी लिहू.