सव्वीस शिलिंग आठ पेन्सची आठवण

विल्यम शेक्सपिअरच्या मृत्युपत्रात दोन ओळींच्या मधल्या जागेत मागाहून घुसवलेली एक ओळ आहे. मृत्युपत्रावर तारीख २५ मार्च १६१६ ची. महिना उलटायच्या आत, २३ एप्रिलला, तो स्ट्रॅटफर्डला वारला. मुली, जावई, नात, बहीण, गावातले गोरगरीब अशी सगळ्यांची वाटणी लिहून झाल्यावर कधीतरी नाटकमंडळीतले तीन जण आठवले असावेत. जॉन हेमिंग्ज, रिचर्ड बर्बेज आणि हेन्री कॉन्डेल या आपल्या सहकाऱ्यांना अंगठ्या करून घेण्यासाठी प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्स द्यावेत, एवढेच त्या ओळीत आहे. गेलेल्या माणसाची आठवण म्हणून बोटात अंगठी घालायची त्या काळच्या इंग्लंडमध्ये रीतच होती. यांतले हेमिंग्ज आणि कॉन्डेल यांनी सात वर्षांनी नऊशेहून अधिक पानांचा ग्रंथ वाचकांपुढे ठेवला आणि सहकाऱ्याची आठवण अंगठीपलीकडे नेली. इंग्रजी नाट्यवाङ्मयात हा ग्रंथ ‘फर्स्ट फोलिओ’ या नावाने ओळखला जातो.

हे तिघे केवळ मित्र नव्हते. १५९४ मध्ये उभ्या राहिलेल्या आणि १६०३ पासून राजाच्या नावाने ‘किंग्ज मेन’ म्हणवणाऱ्या मंडळीत ते शेक्सपिअरचे भागीदार होते. खर्च वाटून घ्यायचा, गल्लाही वाटून घ्यायचा, असा तो व्यवहार. बर्बेज हा मंडळीचा पहिल्या पंक्तीतला नट. हॅम्लेट, ऑथेल्लो, लिअर या भूमिका प्रथम त्याने केल्या. कॉन्डेलही नटच. हेमिंग्जही सुरुवातीला रंगमंचावर दिसे, पण पुढे त्याच्या अंगावर पडला तो हिशेब: दरबारात खेळ झाला की पैसे उचलणे, करारांवर सह्या करणे, भांडणे मिटवणे. १६१३ मध्ये शेक्सपिअरने लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स भागात घर घेतले, तेव्हा कागदावर विश्वस्त म्हणून आलेल्या नावांत हेमिंग्जचे नाव होते. त्याच वर्षी ‘हेन्री आठवा’च्या प्रयोगात उडवलेल्या तोफेची ठिणगी छपराच्या गवतात पडून ग्लोब नाट्यगृह जळाले. मंडळीने ते पुन्हा बांधले.

अशा मंडळीत माणूस गेला की मागे राहिलेल्यांसाठी काहीतरी ठेवून जाई. ऑगस्टीन फिलिप्स हा त्यांचा जुना सहकारी १६०५ मध्ये वारला, तेव्हा त्याने शेक्सपिअरला आणि कॉन्डेलला सोन्याचे तीस शिलिंगांचे एकेक नाणे ठेवले होते आणि मृत्युपत्राची अंमलबजावणी पाहणाऱ्यांत हेमिंग्जला नेमले होते. अशा देण्यात सहकाऱ्यासाठी येणारा इंग्रजी शब्द ‘फेलो’. बरोबर काम करणारा, बरोबरीचा, आपल्या मंडळीतला, हे सारे अर्थ त्या एका शब्दात बसतात. शेक्सपिअरच्या मृत्युपत्रातल्या त्या घुसवलेल्या ओळीतही तोच शब्द आहे.

शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर नाटके कोणाच्या हाती होती, हे समजायला मंडळीच्या कारभारात थोडे डोकवावे लागते. नाटक लिहून झाले की संहिता मंडळीच्या मालकीची होई. नटाला अख्खे नाटक कधीच मिळत नसे. जुन्या मराठी नाटकमंडळ्यांत नटाला जशी ‘नक्कल’ मिळायची, तशीच त्याला फक्त आपली भाषणे आणि प्रत्येक भाषणाआधीचे समोरच्याचे शेवटचे दोनतीन शब्द लिहिलेली कागदाची गुंडाळी मिळे. पूर्ण नाटकाची वही एकच, ती मंडळीच्या पेटीत. ही काळजी खर्च वाचवण्यासाठी होती, तशी धंद्यासाठीही. वही बाहेर गेली, तर दुसरी मंडळी ते नाटक लावू शके किंवा एखादा छापखानावाला ते छापून टाके. तरीही शेक्सपिअरची निम्मी नाटके त्याच्या हयातीत किंवा त्यानंतर लवकरच ‘क्वार्टो’ म्हणजे छोट्या आकाराच्या पुस्तिकांत छापली गेली. सहा पेन्सला एक अशा त्या पुस्तिका. काहींचा मजकूर बरा, काहींचा इतका मोडका की एखाद्या नटाने आठवून सांगितल्यासारखा वाटावा. उरलेली निम्मी नाटके फक्त पेटीत.

१६१९ चे वर्ष मंडळीला जड गेले. मार्च महिन्यात बर्बेज वारला. नाटकमंडळ्यांवर देखरेख ठेवणारा दरबारी अधिकारी अर्ल ऑफ पेम्ब्रोक याने त्या वसंतात एका पत्रात लिहिले की, जुना परिचित बर्बेज जाऊन इतके थोडे दिवस झालेले असताना नाटक पाहायला जाववत नाही. त्याच वर्षी विल्यम जॅगर्ड नावाच्या मुद्रकाच्या छापखान्यात शेक्सपिअरच्या नावावर दहा नाटकांच्या पुस्तिका छापल्या जात होत्या. त्यांतली काही शेक्सपिअरची नव्हतीच आणि काहींवर जुनी, खोटी साले टाकली होती. मे महिन्यात हुकूम निघाला की, किंग्ज मेनची नाटके मंडळीच्या संमतीशिवाय छापू नयेत.

तीन वर्षांनी हेमिंग्ज आणि कॉन्डेल यांनी ग्रंथाचे काम ज्यांच्या हाती दिले, ते प्रमुख मुद्रक होते हाच विल्यम जॅगर्ड आणि त्याचा मुलगा आयझॅक. यात तत्त्वाचा प्रश्न काढणे सोपे आहे, पण व्यवहार तसा चालत नाही. एवढा मोठा ग्रंथ छापण्याची ताकद असलेले छापखाने लंडनमध्ये मोजकेच होते, आणि आधी छापलेल्या पुस्तिकांचे हक्क ज्याच्या-त्याच्या नावावर मुद्रक-पुस्तकविक्रेत्यांच्या संघाच्या नोंदवहीत अडकलेले होते. ते हक्क विकत घ्यायचे, नाही तर धन्यालाच भागीदार करून घ्यायचे, एवढेच मार्ग होते. एडवर्ड ब्लाउंट हा पुस्तकविक्रेता जॅगर्डांच्या जोडीला आला. ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’वर घोडे असे अडले की, तीन पाने छापून काम थांबवावे लागले आणि त्या जागी ‘टायमन ऑफ अथेन्स’ घालावे लागले. शेवटच्या घडीला हक्क मिळाले, तेव्हा ते नाटक इतिहासनाटके आणि शोकांतिका यांच्यामध्ये कसेबसे बसवले गेले. अनुक्रमणिकेत त्याचे नावही नाही.

‘फोलिओ’ म्हणजे कागदाचा ताव एकदाच दुमडून होणारे मोठे पान. हा आकार धर्मग्रंथ आणि इतिहासग्रंथ यांच्यासाठी राखलेला. १६१६ मध्ये बेन जॉन्सन या नाटककाराने आपली नाटके याच आकारात ‘वर्क्स’ म्हणून छापली, तेव्हा त्याची टिंगल झाली होती: नाटकांना कधी ग्रंथ म्हणतात का? शेक्सपिअरच्या सहकाऱ्यांनी तोच धोका पत्करला, तोही लेखक हयात नसताना.

छपाई १६२२ पासून १६२३ च्या अखेरीपर्यंत, मध्ये थांबत थांबत, चालली. ती कशी झाली, हे विसाव्या शतकात चार्ल्टन हिनमन या अमेरिकन अभ्यासकाने उलगडून दाखवले. वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयातल्या पन्नासहून अधिक प्रती त्याने स्वतः तयार केलेल्या यंत्राखाली ओळीने ओळ ताडून पाहिल्या. १९६३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जुळाऱ्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत, पण एकच शब्द कोण कसा लिहितो, यावरून किमान पाच हात वेगळे काढता आले. त्यांतला एक शिकाऊ होता आणि चुकांचा मोठा वाटा त्याच्या खात्यावर जातो. तीन ताव एकात एक घालून बारा पानांचा गठ्ठा होई. जुळणी पहिल्या पानापासून नव्हे, मधल्या सहाव्या-सातव्या पानापासून सुरू होई, म्हणजे आधीचा मजकूर किती पानांत बसेल याचा अंदाज अगोदरच बांधावा लागे. अंदाज चुकून मजकूर जास्त भरला, तर जुळारी कवितेच्या ओळी सलग गद्यात ठोकून देई. कमी पडला, तर गद्याचेच तुकडे पाडून जागा भरे. विद्वानांनी ज्या ओळींच्या लयीवर पुढे डोके खाजवले, त्यांतल्या काहींचे कारण एवढेच असावे. मुद्रिते छपाई चालू असतानाच तपासली जात आणि आधीचे चुकीचे ताव टाकून दिले जात नसत, कारण कागद महाग. त्यामुळे फर्स्ट फोलिओच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या नाहीत.

हेमिंग्ज आणि कॉन्डेल यांनी स्वतः किती संपादन केले, यावर अभ्यासकांत वाद आहे. प्रकाशकांचा हात मोठा असणार, आणि राल्फ क्रेन नावाच्या व्यावसायिक लेखनिकाने काही नाटकांच्या सुवाच्य प्रती काढल्या होत्या, हेही त्याच्या लकबींवरून ओळखू येते. पण ग्रंथ मंडळीच्या पेटीतून आला, याच्या खुणा मजकुरातच उरल्या आहेत. ‘मच अ‍ॅडो अबाउट नथिंग’मध्ये डॉगबेरी हा विनोदी शिपाई एका प्रवेशात बोलायला लागतो आणि समोर पात्राचे नाव येते ‘केम्प’. विल केम्प हा मंडळीचा जुना विदूषक. लेखकाने लिहिताना पात्राऐवजी ते करणारा माणूसच डोळ्यांपुढे आणला, १६०० च्या पुस्तिकेत ते तसेच छापले गेले आणि फोलिओतही तसेच राहिले. केम्प तर १५९९ मध्येच मंडळी सोडून गेला होता आणि १६२३ मध्ये तो हयातही नव्हता. त्याच नाटकात दुसरीकडे राजपुत्राबरोबर प्रवेश करतो ‘जॅक विल्सन’, म्हणजे गाणे म्हणणारा नट. संपादकाच्या नजरेने या चुका आहेत. खिशातून सापडलेल्या जुन्या तिकिटासारखे त्यांचे मोल.

ग्रंथाच्या सुरुवातीला सव्वीस प्रमुख नटांची यादी आहे. पहिले नाव शेक्सपिअरचे, दुसरे बर्बेजचे, तिसरे हेमिंग्जचे. फिलिप्स आहे, सोडून गेलेला केम्पही आहे. यादीतले बरेच जण तोवर वारले होते. एका सहकाऱ्यासाठी काढलेल्या ग्रंथात सगळ्या मंडळीचीच हजेरी लागली.

प्रस्तावनेच्या दोन मजकुरांखाली हेमिंग्ज आणि कॉन्डेल यांच्या सह्या आहेत. पहिला मजकूर पेम्ब्रोक आणि त्याच्या भावाला अर्पण केलेला. त्यात ते म्हणतात की, यात आपल्याला ना पैसा हवा ना नाव. एवढ्या चांगल्या मित्राची आणि सहकाऱ्याची आठवण जागी राहावी म्हणून हा खटाटोप. दुसरा वाचकांसाठी, आणि त्याचा सूर एकदम दुकानदारी: हवे ते दोष काढा, पण आधी विकत घ्या. खिसा सैल करायला सांगायला ही मंडळी लाजत नव्हती. पैसा नको म्हणणाऱ्यांनी दोन पानांनंतर असे म्हणावे यात विसंगती दिसेल, पण रोज तिकिटांवर पोट असलेल्या माणसांनी ग्रंथाचा खर्च भरून निघण्याची चिंता करणे साहजिकच होते. शेक्सपिअर इतक्या सहज लिहायचा की त्याच्या कागदांवर खाडाखोड क्वचितच दिसे, असेही त्यांनी लिहिले. त्यावर बेन जॉन्सनने पुढे खवचटपणे नोंदवले की, हजार ओळी खोडल्या असत्या तर बरे झाले असते. त्याच जॉन्सनने फोलिओसाठी मात्र दिलदार स्तुतिकविता लिहून दिली होती.

सुमारे साडेसातशे प्रती छापल्या असाव्यात. बांधणीसह किंमत साधारण एक पौंड. विक्रीची सर्वांत जुनी नोंद ५ डिसेंबर १६२३ ची: सर एडवर्ड डेरिंग याने दोन प्रती घेतल्या आणि हिशेबाच्या वहीत दोन पौंड लिहून ठेवले. विल्यम जॅगर्ड, ज्याची दृष्टी काही वर्षांपूर्वी गेली होती, ग्रंथ पुरा होण्याच्या सुमारासच वारला. १६३२ मध्ये दुसरी आवृत्ती काढावी लागली, यावरून पुस्तक खपले, हे कळते.

ग्रंथात छत्तीस नाटके आहेत. त्यांतली अठरा त्याआधी कधीच छापलेली नव्हती: ‘मॅकबेथ’, ‘ज्युलिअस सीझर’, ‘द टेम्पेस्ट’, ‘ट्वेल्फ्थ नाइट’, ‘अ‍ॅज यू लाइक इट’, ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’, ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ आणि इतर. मंडळीच्या वह्या पुढे टिकल्या नाहीत. शेक्सपिअरच्या हातचे या नाटकांचे एकही पान आज नाही. म्हणजे फोलिओ निघाला नसता तर ही नाटके गेलीच असती. मराठी रंगभूमीपुरते पाहिले, तरी हिशेब स्पष्ट होतो. गोपाळ गणेश आगरकरांच्या ‘विकारविलसित’मागचे ‘हॅम्लेट’ आणि गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘झुंझारराव’मागचे ‘ऑथेल्लो’ सुट्या पुस्तिकांमधून तरी उरले असते. पण १६२२ च्या पुस्तिकेतल्या ‘ऑथेल्लो’त डेस्डिमोनाचे ते विलोचे गाणे नाही, ते फोलिओतच आहे. वासुदेव बाळकृष्ण केळकरांची ‘त्राटिका’ आणि वि. वा. शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’ या दोहोंची मूळ नाटके मात्र या एका ग्रंथामुळेच हाती आली.

काही निसटलेही. ‘पेरिक्लिस’ आणि ‘द टू नोबल किन्समेन’ ही दुसऱ्यांच्या भागीदारीत लिहिलेली नाटके ग्रंथात नाहीत. ती वेगळ्या वाटेने टिकली. ‘कार्डेनिओ’ टिकले नाही.

आज जगभरात सुमारे २३५ प्रती शिल्लक आहेत, त्यांतल्या ८२ एकट्या फोल्जर ग्रंथालयात. २०२० मध्ये एक प्रत लिलावात जवळजवळ एक कोटी डॉलरना गेली.

कॉन्डेल १६२७ मध्ये वारला, हेमिंग्ज १६३० मध्ये. दोघेही लंडनच्या सेंट मेरी ऑल्डरमनबरी या चर्चच्या हद्दीत राहत, तिथले पंच म्हणून काम पाहत, आणि तिथेच त्यांना पुरले. १९४० च्या डिसेंबरात जर्मन बॉम्बफेकीत ते चर्च जळाले. उरलेल्या भिंतींचे दगड पुढे जहाजाने अमेरिकेत नेऊन मिझुरी राज्यातल्या फुल्टन गावी चर्चिलच्या स्मरणार्थ पुन्हा रचले गेले. जुन्या जागी आता छोटी बाग आहे. तिच्यात १८९६ मध्ये उभारलेला हेमिंग्ज आणि कॉन्डेल यांचा स्मारकस्तंभ आहे. त्यांनी काय केले, ते त्यावर कोरलेले आहे. वरचा अर्धपुतळा शेक्सपिअरचा आहे.