उंच बॉनेटची जीप

जुन्या गाड्या दुरुस्त करायला शिकणाऱ्यांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे संस्थानिकांच्या मोटारी आल्या. यवतमाळात मिळाली ती जीप. चाकं काढून विटांवर चढवलेली, आजोबांच्या वेळची, आणि तिच्यापाशी हातात पहिल्यांदाच पाना धरलेला नातू.

ही जीप बनवणाऱ्या कंपनीचा इतिहास पटकन सांगतो. १९४५ साली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ निघाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये पाटीवर ‘महिंद्र अँड महिंद्र’ आलं. जीप मूळची अमेरिकेच्या विलीजची. हे सीजे-थ्रीबी मॉडेल तिकडे १९६८ मध्ये थांबलं. आपल्याकडे तिचा साचा पुढे कित्येक वर्षं चालला.

मी रेंगाळलो तो इंजिनापाशी. जीपचं बॉनेट उंच दिसतं, त्याला कारण हेच २,१९९ सीसीचं ‘हरिकेन’. आधीच्या इंजिनात आठही वॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये होते. यात हवा-पेट्रोल आत घेणारे चार वरच्या मजल्यावर, हेडमध्ये गेले. धूर सोडणारे चार खालीच राहिले. इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेटही वर उचलावं लागलं.

शिकाऊ माणसाची परीक्षा टॅपेट सेटिंगला, म्हणजे वॉल्व्हच्या टोकाशी नेमकी गॅप ठेवताना. इंजिन थंड हवं. वर अठरा थाऊ (इंचाचे हजारावे भाग), खाली सोळा. वरचे रॉकर कव्हर काढलं की समोर दिसतात. खालच्यांसाठी बाजूचं झाकण उघडून अडचणीत हात घालावा लागतो. फिलर गेजची पाती हलकी अडली पाहिजे, अडकता कामा नये. नातवाने गॅप बरोबर लावली, लॉकनट आवळला आणि गॅप बदलली. पुन्हा. त्याला शिकवणारे मिस्त्री बाजूला चहा पीत होते. गॅप जास्त राहिली तर नुसती खडखड. कमी राहिली तर वॉल्व्ह पुरता मिटत नाही, कॉम्प्रेशन जातं, धुराचा वॉल्व्ह जळतो.

“वाजते त टॅपेट जिंदा हाय, भाऊ,” मिस्त्री म्हणाले. “चूप झालं का मंग पाय.”

पण हे इंजिन जीपमध्ये नव्हतंच. ते गोदामातून आणून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलंय. पेट्रोल परवडेना तेव्हा घरच्यांनी त्या जागी डिझेल बसवलं, आणि आरसी बुकातही डिझेलच आहे. नातवाला मूळ इंजिन परत हवंय, कारण डोळा ‘व्हीए’ नंबरवर आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी गाड्यांना ही वेगळी मालिका दिली. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. अट अशी की चॅसी, बॉडी, इंजिन यांत फेरफार नको. शिवाय अशी गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, अशा मोजक्याच कामांसाठी.

मला ही अट खटकते. विदर्भात काळ्या-पिवळ्या जीपांनी माणसं वाहिली ती डिझेलवर. तो इतिहास पुसला की गाडी ‘मूळ’ होते? नातवाला हा वाद नको होता. त्याच्यापुढचे प्रश्न वेगळे: कलम ५२ खाली बदलाची नोंद करून घ्यायची, इंजिन नंबर जुन्या कागदाशी जुळवायचा, आणि तो जुना कागद घरात कुठे आहे हे आत्याला विचारायचं. चॅसी नंबरावर गंजाचा थर आहे. तारेचा ब्रश मारावा, असं नातवाचं म्हणणं. जोरात घासलं तर आकडेच जातील, असं मिस्त्रींचं. मी निघालो तोवर ब्रश कोणी हातात घेतला नव्हता.