उंट की घोडा? उत्तर प्याद्यांपाशी

बुद्धिबळ शिकू लागलेल्या मुलाला सर्वप्रथम मोहऱ्यांचे मोल सांगितले जाते. प्यादे एक, घोडा तीन, उंट तीन, हत्ती पाच आणि वजीर नऊ. या हिशेबाने घोडा देऊन उंट घेतला, तर नफा नाही आणि तोटाही नाही. मात्र वजीर आणि हत्ती पटावरून गेले, एकाकडे उंट आणि दुसऱ्याकडे घोडा उरला, की हा समान भाव टिकत नाही. अशा अंतिम टप्प्यात डाव कोणाकडे झुकणार, हे मोहऱ्यापेक्षा प्यादी कोणत्या घरांवर उभी आहेत यावरून ठरते.

दोन्ही मोहऱ्यांचे स्वभाव परस्परविरोधी आहेत. मोकळ्या पटाच्या मध्यावरून उंट १३ घरांवर मारा करतो, तर घोडा आठच घरांवर. कोपऱ्यात उंटाला सात घरे मिळतात, घोड्याला अवघी दोन. एका कोपऱ्यातून समोरच्या तिरप्या कोपऱ्यात जाण्यास घोड्याला किमान सहा चाली लागतात. वाट मोकळी असेल तर उंट एका चालीत पोहोचतो. परंतु उंट जन्मभर एकाच रंगाच्या ३२ घरांत फिरतो. अडीच घरांची उडी घेणारा घोडा प्रत्येक चालीत रंग बदलतो आणि सवडीने का होईना, पटावरील कोणतेही घर गाठू शकतो.

त्यामुळे पटाच्या दोन्ही टोकांना प्यादी असतील, तर उंट सहसा वरचढ ठरतो. एका बाजूचे प्यादे रोखता रोखता तो दुसऱ्या बाजूच्या आपल्या प्याद्यालाही आधार देतो. घोड्याची मात्र धावपळ होते. शिवाय काठावरच्या घोड्याला उंट जखडूनही ठेवू शकतो. घोडा काठावर मधल्या भागात असेल आणि मध्ये दोन घरे सोडून त्याच आडव्या रांगेत उंट उभा राहिला, तर घोड्याच्या चारही वाटा बंद होतात. उंटाकडे आणखी एक हुकमी अस्त्र असते, ते म्हणजे वेळ काढण्याचे. एका तिरप्या रेषेवर मागेपुढे होऊन तो खेळण्याची पाळी प्रतिस्पर्ध्यावर ढकलू शकतो. घोड्याला मूळ घरी परतण्यास नेहमी सम संख्येच्याच चाली लागतात; त्यामुळे अशी एक चाल ‘वाया घालवणे’ त्याला जमत नाही.

याचा धडा म्हणून १९७१ मध्ये कॅनडातील व्हॅन्कुव्हर येथे झालेल्या बॉबी फिशर आणि मार्क तायमानोव्ह यांच्या लढतीतील चौथ्या डावाकडे पाहिले जाते. जगज्जेतेपदाच्या आव्हानवीर स्पर्धेची ती उपांत्यपूर्व फेरी होती. फिशरचा उंट पांढऱ्या घरांवर फिरणारा होता आणि तायमानोव्हची राजाच्या बाजूची तिन्ही प्यादी पांढऱ्याच घरांवर रुतलेली होती. त्यांच्या राखणीला घोडा बांधला गेला, तर वजिराच्या बाजूने घुसू पाहणाऱ्या फिशरच्या राजाला अडवण्यात तायमानोव्हचा राजा गुंतला. बुद्धिबळात पाळी सोडता येत नाही. जी चाल करावी ती तोट्याचीच, अशी कोंडी झाली. अखेर फिशरने एका प्याद्याच्या मोबदल्यात उंटाचेच बलिदान दिले. घोडा तो मारण्यासाठी राजाच्या बाजूला गेला आणि इकडे फिशरच्या राजाने आणखी दोन प्यादी टिपून स्वतःची प्यादी पुढे काढली. ती रोखण्यास घोडा तोकडा पडला. ही लढत फिशरने ६-० अशी जिंकली आणि पुढच्याच वर्षी तो जगज्जेता झाला.

याच्या नेमके उलट चित्र १९८४ मध्ये मॉस्कोत दिसले. अनातोली कार्पोव्ह आणि गॅरी कास्पारोव्ह यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतील नवव्या डावात कास्पारोव्हकडे उंट होता, पण तो स्वतःच्याच प्याद्यांच्या रंगाचा. डी स्तंभातील प्यादे आणि वजिराच्या बाजूची प्यादी पांढऱ्या घरांवर अडकल्याने उंटाला रखवालदाराचे काम आले. काळी घरे कार्पोव्हला मोकळी होती. तेथे त्याने मारलेल्या प्याद्याची भरपाई करणारे सोपे उत्तर टाळले आणि घोडा मागे घेतला. तात्पुरते एक प्यादे गेले, परंतु राजाला आत शिरण्याची वाट मिळाली. पुढे त्या घोड्याने पांढऱ्या घरांवरील तीन प्यादी एकामागून एक टिपली आणि कार्पोव्हची आघाडी ४-० झाली. ही लढत ४८ डावांनंतर फेब्रुवारी १९८५ मध्ये निकालाविना थांबवण्यात आली, तरी तो डाव अभ्यासकांच्या स्मरणात राहिला.

दोन्ही डावांत पराभूत खेळाडूची प्यादी पांढऱ्या घरांवरच अडकली होती. एकदा ती प्रतिस्पर्ध्याच्या उंटाचे भक्ष्य झाली, तर दुसऱ्यांदा स्वतःच्या उंटाचा तुरुंग. म्हणूनच आपल्याकडे उंट असेल तर आपली प्यादी शक्यतो त्याच्या विरुद्ध रंगाच्या घरांवर ठेवावीत, असा जुना दंडक आहे. अपवाद अनेक असले, तरी सर्वसाधारणपणे प्यादी दोन्ही बाजूंना आणि हलती असतील तर उंट, एकाच बाजूला किंवा एकमेकांत अडकलेली असतील तर घोडा, असा कौल देता येतो.

मात्र हा कौल अंतिम टप्प्यात पोहोचल्यावर बदलता येत नाही. प्यादे मागे येत नाही आणि मारला गेलेला मोहरा परतत नाही. डावाच्या मध्यावर, उंट आणि घोडा यांची अदलाबदल करताना किंवा एखादे प्यादे सहज पुढे सरकवतानाच त्याचा निकाल लागलेला असतो. ‘तीनाला तीन’ एवढाच हिशेब करणाऱ्याला त्याची किंमत पंचवीस-तीस चालींनंतर मोजावी लागते.