उज्जैनची वेधशाळा आणि तापत्या पृथ्वीची मोजदाद

सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेल्या पाच वेधशाळांपैकी उज्जैनची वेधशाळा काळाच्या ओघात मोडकळीस आली होती; ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार केला आणि ज्योतिर्गणिती गोविंद सदाशिव आपटे हे तिचे पहिले अधीक्षक झाले. क्षिप्राकाठची ही जिवाजी वेधशाळा १९४२ पासून ग्रहांची दैनंदिन स्थाने देणारे वार्षिक पंचांग प्रसिद्ध करत आली असून, तेथे तापमानाच्याही नोंदी घेतल्या जातात.

येथील सम्राट यंत्राची उतरती भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे, म्हणजेच तिचा कोन उज्जैनच्या सुमारे २३ अंश ११ कला या अक्षांशाएवढा आहे. कर्कवृत्त जवळच असल्याने २१ जूनच्या सुमारास मध्यान्ही शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते. पृथ्वीच्या अक्षाचा कल शतकभरात एका अंशाच्या सत्तराव्या भागाइतकाही बदलत नाही, त्यामुळे जयसिंगाच्या काळी सूर्य जितका माथ्यावर येई, तितकाच तो आजही येतो. उपग्रहांनी १९७८ पासून मोजलेल्या सौर ऊर्जेतही वाढीचा कल आढळलेला नाही. म्हणून अलीकडच्या तापमानवाढीचे कारण सूर्यात नव्हे, तर वातावरणात शोधावे लागते.

ते कारण म्हणजे हवेतील वाढता कार्बन डायऑक्साइड; तो मोजण्याचे काम चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ येथे सुरू केले. तेव्हा हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ रेणू होते. औद्योगिक युगापूर्वी सुमारे २८० असलेले हे प्रमाण २०२४ मध्ये ४२४ च्या वर गेले. गोव्यातील काबो द राम येथे १९९३ पासून काही वर्षे हवेचे नमुने काचेच्या कुप्यांत भरून ऑस्ट्रेलियातील प्रयोगशाळेत तपासले गेले. पावसाळ्यात समुद्रावरून आणि हिवाळ्यात जमिनीवरून वारे येत असल्याने दोन्हींकडच्या हवेचा फरक तेथे टिपता आला. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने सिंहगडावरही असेच नमुने गोळा केले.

तापमानाची मोजणी मात्र गावोगावच्या तापमापकांवर उभी असते. ऊन थेट लागू नये, पण वारा खेळता राहावा, यासाठी तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात. एका ठिकाणच्या नोंदीतून जगाचे तापमान कळत नाही, कारण वाढत्या वस्तीचा परिणामही तिच्यात मिसळलेला असतो. म्हणून प्रत्येक ठिकाणच्या दीर्घकालीन सरासरीपासूनचा फरक, म्हणजे विचलन, काढून हजारो ठिकाणची विचलने एकत्र केली जातात. अशा गणनेनुसार २०२४ हे १९०१ पासूनचे भारतातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले, तर जागतिक सरासरी तापमान १८५०–१९०० च्या तुलनेत सुमारे दीड अंशाने अधिक भरले.

पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी, एकाच पद्धतीने घेतलेली नोंद खंडित झाली, तर ती नंतर कोणत्याही खर्चाने भरून काढता येत नाही. म्हणून उज्जैनसारख्या संस्थांच्या जुन्या नोंदवह्या जतन करणे, त्यांचे अंकीकरण करणे आणि त्या अभ्यासकांना खुल्या करणे, हे शासनाचे आणि समाजाचे निकडीचे कर्तव्य आहे.