बंदिस्त काळविटांचे गुंगीकरण : औषधापूर्वीची दक्षता

प्राणिसंग्रहालयातील काळविटाची जखम शिवणे, वाढलेले खूर कापणे यांसाठी त्यास गुंगी द्यावी लागते. यात औषधाच्या मात्रेहून अधिक धोका भीतीचा असतो. पाठलागामुळे स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते, स्नायुतंतू नष्ट होतात व त्यांतून सुटलेले मायोग्लोबिन मूत्रपिंडास इजा करते. 'कॅप्चर मायोपॅथी' ही विकृती फसवी आहे. शुद्धीवर येऊन उभा राहिलेला प्राणी काही दिवसांनीही दगावतो आणि दोष मात्र औषधाच्या माथी येतो. शिवाय, भेदरलेल्या प्राण्यावर झायलाझिनचा परिणाम अपुरा होतो व मात्रा वाढविण्याचा मोह होतो. म्हणून आदल्या दिवशीच लहान आवारात घेतलेल्या प्राण्यास पहाटेच्या गारव्यात झायलाझिन-केटामिनचे मिश्रण टोचणे हितावह.

काळवीट रवंथ करणारा असल्याने त्यास कुशीवर न निजविता छातीवर बसवून मान उंच व नाकपुड्या खाली ठेवाव्यात. अन्यथा पोट फुगते किंवा उलटून आलेले अन्न श्वासनलिकेत शिरते. डोळे झाकावेत. शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सिअसपुढे गेल्यास काम थांबवून अंगावर पाणी ओतावे. योहिम्बिन हा झायलाझिनवरील उतारा होय. केटामिनवर तसा उतारा नाही. त्याचा अंमल ओसरण्यापूर्वी योहिम्बिन दिल्यास प्राणी ताठरतो व धडपडतो.