फूल औषधी की विषारी?

आपल्या सोलापूर जिल्ह्यात रब्बीला ज्वारीबरोबर करडई पेरतात. तिला काटे असतात, म्हणून ती रानाच्या कडेने पेरली की जनावरे आत घुसत नाहीत. तिच्या कोवळ्या पानांची भाजी होते, बियांचे तेल निघते. पण तिचे फूलसुद्धा उपयोगी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

करडईचे फूल आधी पिवळे असते. सुकायला लागले की नारिंगी-लाल होते. तेव्हा पाकळ्या खुडतात, म्हणजे बी भरायचे थांबत नाही. खुडताना काटे लई टोचतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 'नारी-६' ही बिनकाट्याची करडई तयार केली आहे. वाळलेल्या पाकळ्यांचा चहा करतात. मी वाटीभर पाण्यात चिमूटभर पाकळ्या टाकून बघितल्या. पाणी पिवळेधमक झाले!

चीन देशात ही फुले फार पूर्वीपासून औषधात वापरतात. त्यांनी रक्त पातळ राहते असे मानतात. पण चहा पिऊन आजार बरा होतो, असे पक्के सिद्ध झालेले नाही.

शिवाय औषध सगळ्यांना सारखे चालत नाही. माझी आत्या बाळंतपणाला आमच्याकडे आली आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तिला फुलांचा काढा द्या, ताकद येईल." नर्सबाई म्हणाल्या, "अजिबात नको. गरोदरपणात हा काढा धोक्याचा असतो." रक्त पातळ करायची गोळी चालू असेल त्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये.

आता दुसरे फूल बघा. कण्हेर आणि पिवळी कण्हेर आपल्या कुंपणाला असते. तिचे फूल, पान, बी, चीक सगळेच विषारी. त्याने काळजाचे ठोके बिघडतात, माणूस दगावतो. वाळवले किंवा उकळले तरी विष जात नाही. धोत्राही तसाच. त्याने तोंड कोरडे पडते आणि माणूस बरळायला लागतो. ही फुले आपण महादेवाला वाहतो, पण देवाला चालते ते पोटाला चालतेच असे नाही.

लहान भावंडांना कण्हेरीची फळे घेऊन भातुकली खेळू देऊ नका. कोणी खाल्लेच, तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ नंबरला फोन लावा, ताबडतोब दवाखान्यात न्या आणि त्या झाडाची डहाळी बरोबर घ्या, म्हणजे डॉक्टरांना लगेच समजते.

आई-बाबांनो, तुम्हीही हे वाचा. फूल ओळखा, विचारा, मगच तोंडात घाला.

इयत्ता चौथी